आधी तंबोरा, मग बेस

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पत्ता गल्लीच्या आकड्यानं सांगतात. आकडा सांगितला की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. याच राजारामपुरीच्या मेन रोडवर मध्यंतरी मी भाच्याला घेऊन मोबाइलच्या दुकानात गेलो होतो. पोरगं पुण्यात नोकरीला लागलंय, दर पंधरवड्याला एसटीनं जाऊन-येऊन असतं. "मामा, पाच हजारांत गाणी ऐकायला काहीतरी भारी बघून द्या," एवढंच त्याचं मागणं. काउंटरवरच्या मुलानं पाच डब्या मांडल्या आणि पाचही डब्यांबद्दल एकच वाक्य पाच वेळा बोलला, "भावा, बेस बघ की नुसता!"

आम्ही काही न घेता बाहेर पडलो. त्या मुलाचं चुकलं असं नाही. गिऱ्हाइकं तेच विचारतात, म्हणून तो तेच सांगतो. पण "काय घेऊ?" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. कुठं बसून किंवा कुठून चालत ऐकणार आणि ऐकणार काय, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरलं की निम्म्या डब्या आपोआप बाजूला होतात.

चालता-फिरता ऐकायची सोय आपल्याकडं फार जुनी नाही. सोनीचा पहिला वॉकमन जपानात १ जुलै १९७९ ला विक्रीला आला. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात गाणं ऐकायचं होतं, म्हणून वार्ताहरांसाठी बनवलेल्या छोट्या टेपरेकॉर्डरातून रेकॉर्डिंगची सोय काढून टाकली आणि हलका हेडफोन जोडला. त्या पहिल्या यंत्राला हेडफोनची दोन भोकं होती, म्हणजे दोघांनी मिळून ऐकावं. वर एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं बारीक व्हायचं आणि दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. एकट्यानं ऐकणं शिष्टाचाराला धरून होणार नाही, अशी कंपनीच्या मोठ्या साहेबांना धास्ती होती म्हणे. लोकांना एकट्यानंच ऐकायचं होतं. पुढं या दोन्ही सोयी गळून पडल्या.

आमच्याकडं वॉकमन दिसायला लागला तो आखातात किंवा बोटीवर नोकरीला असलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ खरा कारभार कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांचा होता. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची, साठाची की नव्वदची ते सांगायचं आणि दोन दिवसांनी न्यायला जायचं. नव्वदच्या कॅसेटची फीत पातळ, त्यामुळं ती गुंतायची जास्त. मग पेन्सिल घालून फिरवत बसायचं. पुढं तीच दुकानं सीडीवर गेली आणि नंतर "मेमरी कार्ड भरून मिळेल" अशा पाटीवर आली. चार जीबीच्या कार्डात भक्तिगीतं, लावण्या, नव्वदीतली हिंदी गाणी आणि कुणाची तरी रिंगटोन, सगळं एकाच पिशवीत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर रात्रभर जे वाजतं, ते अजून बऱ्यापैकी याच कार्डांवर चालतं. 

एक गोष्ट इथं सांगायचा मोह आवरत नाही. वॉकमनच्या दोन वर्षं आधी, ५ सप्टेंबर १९७७ ला व्हॉयेजर-१ यान सुटलं. त्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ म्हणजे आमच्या शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. यानासोबत तबकडी वाजवायची सुईही दिलेली आहे. यान सुटल्यावर अकराव्या दिवशी केसरबाई गेल्या. सर्वांत लांब गेलेला चालता-फिरता प्लेअर कोणता, असं कुणी विचारलं तर उत्तरात कोल्हापूरचा थोडा वाटा आहे, एवढंच.

आता मुद्द्यावर. वेगळा प्लेअर घ्यावा का? ॲपलचा आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ ला पाच जीबीची डिस्क पोटात घेऊन आला आणि मे २०२२ मध्ये कंपनीनं त्याचं शेवटचं मॉडेल बंद केलं. मारेकरी बाहेरचा कुणी नव्हता, त्याच कंपनीचा फोन होता. तरी वेगळे प्लेअर मेले नाहीत. सोनी वॉकमन या नावानं आजही यंत्रं काढते, चीनच्या फिओ, हायबाय, शानलिंग या कंपन्या लहान-मोठे प्लेअर सतत आणत असतात. ते विकताना कंपन्या आवाजाच्या दर्जाचं गाणं गातात. त्यावर फार विश्वास ठेवू नका. साध्या इअरफोनला फोनचा आवाज पुरेसा स्वच्छ असतो, आणि फोनला जॅकचं भोक नसेल तर हजारभर रुपयांचा डोंगल ते काम चोख करतो. आयफोनमधलं भोक २०१६ साली गेलं आणि पाठोपाठ बाकीच्यांचंही. डोंगल घेताना एवढं पाहा की तो आपल्या फोनला पूर्ण आवाज देतो का. ॲपलचा छोटा डोंगल स्वस्त आणि उत्तम आहे, पण काही अँड्रॉइड फोनांवर तो दबक्या आवाजात वाजतो.

वेगळ्या प्लेअरचं खरं कारण वेगळंच आहे. त्यावर फोन येत नाही. विलंबित ख्याल चाळीस मिनिटांचा असतो. आलाप पंचमाला पोचायच्या बेतात असताना कर्ज देणाऱ्या कंपनीचा फोन आला, की पुन्हा तिथं पोचता येत नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मुलीनं त्यांना बटणांचा छोटा प्लेअर आणून दिला. त्यात कार्ड, कार्डात फक्त त्यांची निवड. खिशात हात घालून, न बघता बटण दाबता येतं. चष्मा लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि चुकून व्हिडिओ सुरू होत नाही. अण्णांसाठी ते यंत्र योग्य. भाच्यासाठी नाही, कारण त्याची सगळी गाणी ॲपवर आहेत आणि तो एका खिशात दोन यंत्रं बाळगणारा नव्हे.

घरातल्यांसाठी म्हणाल तर २०१७ साली सारेगामानं पाच हजार गाणी भरलेला कारवाँ काढला. तो जोरात चालण्याचं कारणही हेच होतं, निवडायची कटकट नाही. पण तो स्पीकर आहे, बसमध्ये लावला तर शेजारी शिव्या देतील. आणि द्याव्यातच.

म्हणून माझं पहिलं मत असं, की पैसे डबीत घालू नका, कानाला लागतं त्यात घाला. पाच हजार असतील तर प्लेअरला शून्य आणि इअरफोनला जे काय असेल ते.

वायरीचा की बिनवायरीचा, यावर दुकानात भांडणं होतात. बिनवायरीची सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या इवल्याशा बोंडात लिथियमची बॅटरी असते, आणि रोज वापरलं तर दोन-तीन वर्षांत ती थकते. ती बदलून देणारा कारागीर मला तरी भेटला नाही. एक बोंड गटारात पडलं तर दुसरं कानातला दागिना. वायरीचा इअरफोन तुटतो तो बहुतेक वेळा पिनेपाशी. पूर्वी कॉलनीतला रेडिओ दुरुस्त करणारा तिथं डाग देऊन द्यायचा. आता बऱ्याच इअरफोनची वायर दोन पिनांवरून निघते, म्हणजे वायर गेली तर वायरच बदलायची. मूनड्रॉप, केझेड, टँगझू अशा चिनी कंपन्यांनी दोन हजारांच्या आसपास जे इअरफोन गेल्या काही वर्षांत दिले आहेत, तसा आवाज पूर्वी दसपट किमतीला मिळत नव्हता. हे अतिशयोक्तीनं बोलत नाही. २०१७ साली २८३ हेडफोनांच्या मोजमापांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात किंमत आणि आवाजाची ठेवण यांचा काही संबंध आढळला नाही. जास्त पैशांत दिसणं, टिकणं, आराम, नाव हे मिळत असेल. स्वर सरळ मिळेल याची हमी मिळत नाही.

बिनवायरीच्या डबीवर एलडॅक, एपीटीएक्स अशी अक्षरं असतात. सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिटचा असतो. ब्लूटूथ तो दाबून पाठवतं. सोनीचा एलडॅक जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो, आणि तोही फोन खिशात असला आणि आसपास गर्दी असली की खाली उतरतो. आयफोन एलडॅक देतच नाही, तेव्हा आयफोनवाल्यानं त्या अक्षरांसाठी पैसे मोजू नयेत. बाकीच्यांनीही रस्त्यावर ऐकताना याची फार काळजी करू नये. रिक्षा बाजूनं गेली की ९९० काय आणि ३३० काय. आवाज उशिरा पोचतो, ही तक्रार मात्र खरी आहे. नुसतं ऐकायला, अगदी तबल्याच्या ॲपबरोबर गळा फिरवायलाही त्यानं अडत नाही, कारण आपण जे ऐकतो त्याच्याच मागून गातो. पण कीबोर्ड वाजवून किंवा माइकमधून स्वतःचाच आवाज कानात घेऊन रियाज करायचा असेल तर बिनवायरीचा विचार सोडा.

आता वाट. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. महामार्गाचं काम सुरू असेल तर किती तास ते विठ्ठलाला माहीत. एसटीत मागच्या सीटवर इंजिनची जी अखंड घरघर असते, तिच्यावर नॉइज कॅन्सलेशन हा खरा उतारा आहे. हेडफोनमधला माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याची नेमकी उलटी लाट आत सोडतो, दोन्ही मिळून शून्याकडं जातात. ही कल्पना विमानांसाठी राबवणारे अमर बोस बंगाली बापाचे चिरंजीव. १९७८ साली विमानप्रवासात मिळालेल्या हेडफोनमधून घरघरीपुढं काही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथंच आकडेमोड सुरू केली होती. मात्र ही युक्ती खालच्या, एकसुरी आवाजावर चालते. हॉर्न अचानक येतो, त्याची उलटी लाट बनवायला वेळ मिळत नाही. उलट घरघर गेल्यामुळं ट्रकचा हॉर्न आणि मागच्या सीटवरच्या काकूंचं फोनवरचं बोलणं अधिक स्वच्छ ऐकू येतं. वीस-पंचवीस हजार देऊन सोनी किंवा बोसचा मोठा हेडफोन घेणाऱ्यानं ही अपेक्षा आधीच ठेवावी. आणि एप्रिल-मे महिन्यांत तो डोक्यावर चढवून बिगर एसी गाडीत तासभर बसून दाखवावं. कानाशी घामाच्या धारा लागतात.

त्यापेक्षा कानाच्या आत बसणारी बोंडं, नीट मापाच्या रबरासह, पुष्कळ काम करतात. रबराचं माप हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. डबीत लहान, मधलं आणि मोठं अशी तीन मापं येतात. लोक लावलेलं असतं तेच ठेवतात. माप लहान पडलं की फट राहते आणि फटीतून खालचा सगळा आवाज निसटतो. "बेस नाही" म्हणून परत आलेल्या इअरफोनांपैकी किती नुसते रबर बदलून सुधारले असते, कुणास ठाऊक. दोन्ही कान सारख्या मापाचे असतात असंही नाही. माझ्या डाव्या कानाला मोठं लागतं.

पण हेच बंद कान घेऊन रस्त्यावर चालू नका. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात किंवा रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्यांना बाहेरचं ऐकू आलंच पाहिजे. मागून सायकल येते, कुत्रं येतं, ओळखीचा माणूस हाक मारतो. त्यांच्यासाठी उघडा हेडफोन. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो १९८४ पासून जवळजवळ त्याच रूपात मिळतो, घडी होऊन खिशात जातो, दिसायला खुळा आणि ऐकायला गोड आहे. गालाच्या हाडावरून आवाज देणारे शोक्झसारखे प्रकार कान मोकळा ठेवतात, खालचा आवाज मात्र त्यात पातळ येतो. भाषणं, कीर्तनं, बातम्या यांना ते उत्तम. मोटारसायकलवर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामावर जाणाऱ्यांसाठी माझ्याकडं शिफारस नाही. हेल्मेटखाली काहीही घालू नका. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथं जो पाऊस असतो तो लक्षात घेता डबीवर निदान आयपीएक्स-४ लिहिलेलं असावं. याचा अर्थ चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे चालतील. पंचगंगेत बुडी चालेल, असा नाही.

आता ऐकायचं काय. दुकानात पारखायला बहुतेक वेळा ढुमढुम करणारं एखादं पंजाबी गाणं लावतात. त्यावर कुठलाही इअरफोन पास होतो. मी सोबत तीन गोष्टी नेतो आणि त्यांत पहिला तंबोरा.

कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिरजेत तंबोरे बनतात, २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची जवारी म्हणजे घोडीच्या चढावर तार हलकेच घासत राहावी अशी केलेली कलाकुसर, वर तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा. त्यातून एका तारेत अनेक स्वर उमटतात. जवारी नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. इअरफोन कानात घाला, डोळे मिटा आणि तो गंधार शोधा. बेस फुगवलेल्या इअरफोनमध्ये खर्ज नुसता घुमतो, गंधार त्याच्याखाली गाडला जातो. वरचा आवाज टोकदार केलेल्या इअरफोनमध्ये तंबोरा मधमाश्यांसारखा चावतो. चारही तारा वेगळ्या आणि त्यांच्यावर तो गंधार तरंगताना ऐकू आला, की अर्धी परीक्षा पास.

दुसरी गोष्ट डग्गा. बेस वाईट नाही, बेस कुठला ते महत्त्वाचं. डग्ग्यावर मनगट सरकवून वादक जो घुमारा काढतो, त्यात स्वर खालून वर चढत जातो. चांगल्या इअरफोनमध्ये तो चढ दिसतो. वाईटात एकच "धब्ब". तिसरी हलगी. हलगीची काठी कडक आणि कोरडी पडली पाहिजे. ती भोंगळ झाली किंवा कानात सुईसारखी टोचली, तर डबी परत करा. मग शेवटी आवडता गळा लावावा आणि त्यातले "स", "श" ऐकावेत. शिट्टी वाजत असेल तर तासाभरात कान दुखणार.

यामागं शास्त्रही आहे. आपल्या कानाची नळी स्वतःच तीनेक हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून देते. बोंड आत घातलं की ती वाढ बिघडते, म्हणून ती इअरफोनलाच भरून काढावी लागते. शॉन ऑलिव्ह आणि हर्मन कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो लोकांना ऐकवून त्याचा एक आराखडा काढला. आजचे स्वस्त आणि चांगले इअरफोन बहुतेक त्याच आराखड्याच्या आसपास घडवलेले असतात. मात्र त्या चाचण्यांत मुख्यतः पाश्चात्त्य संगीत होतं. तंबोऱ्याची परीक्षा आपली आपण घ्यायची.

फाइलीचं थोडक्यात. चांगल्या दर्जाची, ३२० ची एमपीथ्री तासाला दीडशे एमबीच्या आत बसते आणि रस्त्यावर तीच पुरते. फ्लॅकमध्ये काही कापलं जात नाही, पण जागा दुपटीहून जास्त लागते. जुन्या ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी फ्लॅकमध्ये ठेवून खरखर अधिक शुद्ध ऐकू येईल, बाकी काही नाही. कार्ड मात्र नावाजलेल्या कंपनीचं, बिलासहित घ्या. मी एकदा स्वस्तात मोठ्या क्षमतेचं कार्ड घेतलं. फोन म्हणायचा जागा आहे, गाणी उतरल्यासारखी दिसायची आणि अर्ध्याच्या पुढं सगळी मुकी. कार्डात लिहिल्याच्या दहाव्या हिश्श्याएवढीसुद्धा जागा नव्हती. विकणारा दुसऱ्या दिवशी त्या जागेवर नव्हता.

आणि आवाजाची पातळी. राजारामपुरीत राहून याबद्दल बोलायला मला जरा संकोच वाटतो. गणेश चतुर्थीला आमच्या मेन रोडवर मंडळांच्या आगमन मिरवणुका निघतात, आणि भिंतीएवढ्या स्पीकरला इकडं "डॉल्बी" म्हणतात. रे डॉल्बी या माणसानं १९६५ साली कंपनी काढली ती रेकॉर्डिंगमधली खरखर कमी करण्याच्या शोधावर, आणि त्याआधी दोन वर्षं तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतातच होता. आवाज कमी करणाऱ्याचं नाव आम्ही आवाजाच्या भिंतीला दिलं. राहत्या वस्तीसाठी कायद्यानं दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे त्या संध्याकाळी कुणाला ओरडून सांगितलं तरी ऐकू जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. त्यापुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. रस्त्यावर आपण आवाज वाढवतो तो गाण्यासाठी नव्हे, रस्त्याला हरवण्यासाठी. म्हणून बसमधल्या माणसाला चांगलं बसणारं रबर किंवा नॉइज कॅन्सलेशन ही चैन नाही, त्यानं आवाज अर्ध्यावर ठेवता येतो. बऱ्याच फोनांत आठवड्याचा हिशेब दाखवण्याची सोय असते, ती चालू करून एकदा बघा. मिरवणुकीला जाणार असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारी स्पंजाची बोंडं घेऊन जा. भाच्याला मी तीही दिली.

त्याचं शेवटी काय झालं, तर दोन हजारांच्या आतले वायरीचे इअरफोन, एक डोंगल आणि मोठ्या मापाची रबरं. उरलेल्या पैशांत तो मित्रांना घेऊन तांबडा-पांढरा खाऊन आला. महिन्यानं फोनवर म्हणाला, "मामा, त्या तंबोऱ्यात खरंच दुसरा स्वर आहे."

तुम्ही घ्यायला जाणार असाल तर स्वतःचा फोन, स्वतःची गाणी आणि त्यात पाच मिनिटांचा तंबोरा भरून न्या. डबी उघडून ऐकू देत नसतील तर परत करण्याची मुदत बिलावर लिहून घ्या. आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा. संध्याकाळी सहानंतर राजारामपुरीच्या मेन रोडवर कुठलाच हेडफोन पारखता येत नाही.